गोल होते म्हणून सापडले: ग्रेट लेक्समधल्या मायक्रोबीड्सची केस

फेसवॉशमधले ते प्लास्टिकचे रंगीत बारीक दाणे, म्हणजे मायक्रोबीड, आठवतात का? बोटावर घेतले की रवाळ लागायचे, चेहऱ्यावर चोळले की जरा खरखर, आणि पाणी मारलं की गेले. कुठे गेले हे बरीच वर्षं कोणी विचारलंच नाही, कारण बेसिनच्या जाळीतून खाली गेलं ते गेलं असंच आपण धरून चालतो. २०१२ च्या उन्हाळ्यात उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्समध्ये तसलेच दाणे जाळ्यात आले आणि डिसेंबर २०१५ ला अख्ख्या अमेरिकेत त्यांच्यावर बंदीचा कायदा झाला. साडेतीन वर्षंसुद्धा लागली नाहीत. पर्यावरणाच्या विषयात इतकं झटपट काही झालेलं मला तरी फारसं आठवत नाही, म्हणून हे प्रकरण यशोगाथा म्हणून सांगितलं जातं. यश आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण ते नेमकं कशामुळे मिळालं हे नीट बघितलं ना की तळ्यातलं बाकीचं प्लास्टिक का हलत नाहीये तेही कळतं, आणि मला त्यासाठीच ही केस लिहायचीये.

आधी जागेबद्दल थोडं, त्याशिवाय पुढचे आकडे डोक्यात बसणार नाहीत. सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ओंटारियो अशी ही पाच सरोवरं, अमेरिका-कॅनडाच्या हद्दीवर, मिशिगन तेवढं पूर्ण अमेरिकेत. जगात जमिनीवर जेवढं गोडं पाणी आहे त्यातलं साधारण २१ टक्के या पाचांत, आणि खोऱ्यात ३ कोटींच्या वर माणसं. प्यायचं पाणी इथूनच उचलायचं आणि वापरलेलं पाणी प्रक्रिया करून परत इथेच सोडायचं असा तिथला व्यवहार आहे. वरच्या सरोवरातलं पाणी खालच्यात, खालच्यातलं त्याच्या खालच्यात असं उतरत उतरत शेवटी ओंटारियोतून सेंट लॉरेन्स नदीला मिळतं. वेळ किती लागतो तर सुपीरियरमधलं पाणी एकदा पूर्ण बदलायला १९० वर्षांच्या आसपास. ईरीचं अडीच-तीन वर्षांत होतं कारण ते उथळ आहे, सरासरी खोली १९ मीटरच, पण वरून येणारं सगळं त्याच्यात उतरतं आणि काठावर शहरंही दाटीवाटीने, त्यामुळे मार खायला हेच पुढे.

जाळं टाकलं तेव्हा

तोवर प्लास्टिकचा प्रश्न म्हणजे समुद्राचा प्रश्न असं समीकरण होतं. महासागरातल्या कचऱ्याच्या भोवऱ्यांवर बरंच काम झालेलं, गोड्या पाण्यात कोणी फारसं बघितलं नव्हतं. मग न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रेडोनियाच्या स्टेट युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकवणाऱ्या शेरी मेसन आणि समुद्री प्लास्टिकवर काम करणाऱ्या 'फाइव्ह गायर्स' संस्थेचे मार्कस एरिक्सन यांच्या टीमने सुपीरियर, ह्युरॉन आणि ईरी या तीन सरोवरांत जाळं ओढायचं ठरवलं. जहाज कुठलं, तर 'नायगारा', १८१३ च्या ईरीच्या लढाईत होतं त्या जहाजाचा नव्याने बांधलेला, शिडांवर चालणारा अवतार. प्लास्टिक शोधायला शिडाचं लाकडी जहाज, मला हे चित्रच भारी वाटतं.

जाळ्याला मांटा ट्रॉल म्हणतात. रुंद चपटं तोंड, दोन्ही बाजूंना तरंगत राहायला पंख, आणि मागे लांब निमुळती पिशवी. जहाजाच्या बाजूने हळू ओढत न्यायचं, ते पाण्याचा वरचा थर तेवढा गाळत जातं. जाळीची भोकं ३३३ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा एक तृतीयांश. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणारे. ओढून झालं की पिशवीच्या टोकाला जे साठतं ते बाटलीत काढायचं, आणि त्यात शेवाळ, मेलेले किडे, पिसं, काटक्या सगळंच असतं. ते चाळण्यांतून धुवून, मायक्रोस्कोपखाली चिमट्याने एकेक कण वेगळा काढायचा. हे काम तासन्‌तास चालतं आणि मान मोडते.

एकूण २१ ठिकाणचे नमुने घेतले, त्यातल्या २० मध्ये प्लास्टिक निघालं. सरासरी काढली तर चौरस किलोमीटरला साधारण ४३,००० कण. बातम्यांत हाच आकडा फिरला. पण त्याच पेपरात अजून एक आकडा आहे जो मला जास्त बोलका वाटतो, दोन मोठ्या शहरांकडून पाणी वाहत येतं अशा ईरीमधल्या एकाच जागी चौरस किलोमीटरला ४,६६,००० च्या वर कण सापडले, बाकीच्या सगळ्या जागांची बेरीज केली तरी त्यापेक्षा कमी भरते. आता साधं गणित करा. २१ गुणिले ४३ हजार म्हणजे ९ लाखांच्या आसपास, त्यातून ती एक जागा वजा केली की उरले साधारण ४ लाख ४० हजार, भागिले २०, आले २२ हजार. म्हणजे एक जागा काढली की सरासरी अर्ध्यावर! ४३ हजार हा आकडा खोटा नाही, पण तेवढं प्लास्टिक प्रत्यक्षात कुठल्याही "सरासरी" जागी नव्हतं, ते एका शहरी पट्ट्यात गच्च आणि बाकी विरळ असं होतं. हा २२ हजार पण लक्षात ठेवा.

मायक्रोस्कोपखाली बघताना टीमला बरेच कण एक मिलिमीटरपेक्षा लहान आणि चक्क गोल दिसले. रंगीबेरंगी, गुळगुळीत मणी. प्लास्टिकची वस्तू फुटून झालेला तुकडा असा नसतो, त्याला कडा असतात, कोपरे असतात, एखादी बाजू खरवडलेली असते. गोल मणी म्हणजे कोणीतरी मुद्दाम गोल बनवलेला. मग त्यांनी बाजारात मिळणारे दोन नामांकित ब्रँडचे फेसवॉश आणले, त्यातले दाणे काढले आणि तळ्यातल्या मण्यांशेजारी ठेवले. आकार, रंग, पोत, आतलं रसायन, सगळं बऱ्यापैकी जुळलं. चोर मुद्देमालासकट सापडला म्हणायला हरकत नाही.

इथे एक गोष्ट बातम्यांत जवळजवळ कुठेच आली नाही आणि ती मला फार आवडते. डोळ्यांनी बघून "मायक्रोप्लास्टिक", म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण, म्हणून बाजूला काढलेले एक मिलिमीटरखालचे जे कण होते, ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घातल्यावर त्यातले २० टक्के प्लास्टिक निघालेच नाहीत. ॲल्युमिनियम सिलिकेट होतं ते, म्हणजे कोळशाची राख. कोळसा जळताना राख वितळून तिचेही बारीक गोल थेंब होतात आणि थंड झाले की मण्यासारखेच दिसतात. टीमने हे स्वतःच तपासलं आणि स्वतःच पेपरात छापलं, लपवलं नाही. आजही कुठे "अमुक लिटरमागे इतके मायक्रोप्लास्टिक" वाचलं की मी पहिलं हे बघतो की कण नुसते डोळ्यांनी मोजलेत की रसायन तपासलंय, कारण नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर पाचातला एक राखेचा निघू शकतो.

कायदा इतक्या पटकन कसा झाला

पेपर २०१३ मध्ये 'मरीन पोल्यूशन बुलेटिन'मध्ये आला. जून २०१४ मध्ये इलिनॉय राज्याने बंदी घातली, अमेरिकेतलं पहिलं राज्य, शिकागो तिथेच आणि शिकागोसमोर मिशिगन सरोवर. मग एकापाठोपाठ एक राज्यं. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राचा 'मायक्रोबीड-फ्री वॉटर्स ॲक्ट' दोन्ही सभागृहांतून गेला आणि २८ डिसेंबरला ओबामांची सही झाली. उत्पादन बंद १ जुलै २०१७ पासून आणि विक्री त्याच्या पुढच्या वर्षी. कॅनडानेही पाठोपाठ तसंच केलं.

आता, संसद असं कधी एकमुखाने वागते का? वागली, कारण या केसमध्ये भांडायला कोणाला फार कारणच नव्हतं. एक तर दाण्याचं काम चोळण्यापुरतं, त्याच्या जागी अक्रोडाच्या सालीची भुकटी, मीठ, सिलिका असलं काहीही चालतं, ट्यूब तीच, दुकान तेच. दुसरं म्हणजे काही बड्या कंपन्यांनी आधीच माघार जाहीर केली होती, युनिलिव्हरने तर २०१२ च्या शेवटीच. आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, प्रत्येक राज्य वेगळा कायदा करायला लागल्यावर कंपन्यांनाच एक केंद्राचा कायदा सोयीचा झाला, कारण तो आला की राज्यांचे कायदे बाजूला पडतात. सगळ्यांचं आपापलं गणित जमलं.

मधे एक पळवाट मात्र शिरली होती. इलिनॉयच्या कायद्यात "न विघटन होणाऱ्या" प्लास्टिकचे दाणे बंद असं लिहिलं होतं, त्यामुळे विघटनशील म्हणवणारे दाणे सुटत होते. आता विघटनशील म्हणजे कुठे? यातली काही प्लास्टिक्स कारखान्यातल्या कंपोस्टमध्ये ६० अंशांच्या आसपास गरम ठेवली तर मोडतात, सुपीरियरच्या गारठणक पाण्यात त्यांना तेवढी ऊब कोण देणार? कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०१५ च्या कायद्यात ही फट बुजवली आणि केंद्राच्या कायद्यातही विघटनशीलला सूट नाही. पण केंद्राची व्याख्या दुसऱ्या बाजूने अरुंद आहे: पाच मिलिमीटरपेक्षा लहान, अंग चोळायला किंवा स्वच्छ करायला वापरलेला, आणि धुवून टाकायच्या प्रॉडक्टमधला दाणा, एवढाच. न धुता अंगावर राहणाऱ्या मेकअपमधली चमकी यात बसत नाही.

सांडपाण्याचे प्लँट हे दाणे अडवत नाहीत का, असा प्रश्न येतोच. अडवतात, बरेचसे. प्लँटमध्ये जड ते खाली बसतं आणि तेलकट-फेसाळ ते वरून खरवडून काढतात. पण हे दाणे सहसा ज्या प्लास्टिकचे असतात ते पॉलिथिलीन पाण्यापेक्षा किंचित हलकं आणि दाणा इतका बारीक की काही गाळात चिकटतात, काही तवंगाबरोबर निघतात आणि थोडे मधल्यामध्ये सटकतात. एका ट्यूबमध्ये ३ लाखांपर्यंत दाणे असू शकतात, तेव्हा "थोडे" म्हणजे किती ते बघा. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या, ऑफिसने २०१५ मध्ये राज्यातल्या ३४ प्लँटचं सोडलेलं पाणी तपासवलं, २५ ठिकाणी मायक्रोबीड निघाले. आणि जे गाळात अडकले तेही संपले असं नाही हं, तो गाळ बऱ्याच ठिकाणी शेतात खत म्हणून जातो.

आता वजन करून बघू

त्याच ऑफिसच्या २०१४ च्या रिपोर्टमध्ये अंदाज होता की न्यूयॉर्क राज्यातून वर्षाला साधारण १९ टन मायक्रोबीड नाल्यात जातात. राज्याची लोकसंख्या दोन कोटींच्या जरा खाली, म्हणजे माणशी वर्षाला ग्रॅमच्या आसपास. हाच हिशोब ग्रेट लेक्सच्या खोऱ्यातल्या ३ कोटींना लावला तर सगळे मिळून ३० टन. ढोबळ आहे, मान्य. आता रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांचा २०१७ चा अंदाज बघा, पाचही सरोवरांत मिळून दरवर्षी जवळपास १०,००० टन प्लास्टिक जातं आणि त्यातलं निम्मं एकट्या मिशिगनमध्ये. ३० कुठे आणि १०,००० कुठे! हजाराला तीन पडतात, आणि तेही नाल्यात गेलेले सगळेच्या सगळे तळ्यात पोचले असं धरून. वजनाने बघितलं तर कायद्याने हात घातला तो हजारातल्या त्या तीनांना. दाणे संख्येने प्रचंड होते आणि माशाच्या तोंडात जायच्या मापाचे होते, त्यामुळे नुसतं वजन बघून चालणार नाही हेही खरं, पण प्रमाण डोळ्यासमोर असलेलं बरं.

आणि दाण्यांशिवायही तळ्यात प्लास्टिक भरतं याला पुरावा म्हणून दुसरं तळं आहे, पार दुसऱ्या खंडात. मंगोलियाच्या उत्तरेला डोंगरात खुव्सगुल नावाचं सरोवर आहे, २,७६० चौरस किलोमीटर, खोली २६२ मीटरपर्यंत, आजूबाजूला नॅशनल पार्क, वस्ती अगदी तुरळक. तिथे २०१३ मध्ये तशाच पद्धतीने जाळं ओढलं, टीममध्ये मेसन आणि एरिक्सन पण होते. सरासरी किती निघाली, तर चौरस किलोमीटरला २०,२६४ कण. मघाचा २२ हजार आठवला? ईरीमधली ती एक जागा वगळली तर अमेरिकेतल्या तीन औद्योगिक सरोवरांची सरासरी आणि मंगोलियातल्या जवळजवळ निर्जन सरोवराची सरासरी जवळपास सारखी येते. मी पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा दोनदा तपासलं.

खुव्सगुलमध्ये मायक्रोबीड एकही नव्हता. बहुतेक तुकडे आणि पापुद्रे. काठावर बाटल्या, पिशव्या, मासेमारीचं सामान पडलेलं, ते उन्हाने आणि थंडीने तडकतं, लाटा त्याला दगडांवर घासतात, त्याचे तुकडे, तुकड्यांचे तुकडे. नैर्ऋत्येच्या काठाजवळ सगळ्यात जास्त, कारण माणसांची ये-जा तिथेच, आणि पुढे वारा नेईल तसं विरळ. प्लँट नाही, कारखाना नाही, फेसवॉश नाही, नुसता न उचललेला कचरा. थोडी माणसं आणि कचऱ्याची गाडी नाही, एवढ्यावर एवढं मोठं तळं घाण होतं.

आता या तुकड्यावर कायदा कसा करणार? गोल मणी हातात घेतला की तो कुठून आला ते सांगतो, त्याच्या आकारातच त्याचा पत्ता आहे. पांढरा, कडा झिजलेला, दोन मिलिमीटरचा तुकडा हातात घेतला तर पॉलिथिलीन आहे इतकं मशीन सांगेल, पण तो बाटलीचं झाकण होता की बादली होता की पॅकिंग, आणि कोणी टाकला, हे कोण सांगणार? माझं म्हणणं इतकंच आहे की मायक्रोबीड सगळ्यात मोठा गुन्हेगार होता म्हणून पकडला गेला असं नाही, त्याच्या गळ्यात नावाची पाटी होती म्हणून पकडला गेला. कारखान्यात मोल्डिंगला जाणारा कच्चा प्लास्टिक दाणा पण असाच पाटी असलेला. तो ग्रेट लेक्सच्या काठांवर ढिगाने सापडतो, २०१८ मध्ये ६६ किनारे तपासले तेव्हा १२,५९५ दाणे वेचले गेले. तो वाहतुकीत आणि कारखान्याच्या आवारात सांडतो, कोणाचा ते साधारण कळतं, तरी त्यावर मायक्रोबीडसारखी सगळ्यांची एकी झाली नाही. कारण सोपं आहे, फेसवॉशमधला दाणा काढला तर फेसवॉश राहतो, हा दाणा काढला तर प्लास्टिकचा धंदाच राहत नाही.

धाग्यांचं काय

जाळीचा ३३३ मायक्रॉन आठवतोय ना? गोल दाणा त्या भोकात अडकतो. पण पॉलिएस्टरच्या कपड्याचा धागा लांबीला दोन-तीन मिलिमीटर आणि जाडीला केसापेक्षा बारीक असतो, तो उभा आला की सुईसारखा पलीकडे. म्हणजे जाळ्याने जे पकडलं ते तळ्यात होतं हे खरं, पण तळ्यात होतं ते सगळं जाळ्याने पकडलं असं नाही, आणि धागे तर हमखास कमीच मोजले जातात.

तरीसुद्धा नद्यांत काय निघालं बघा. अमेरिकेच्या जिऑलॉजिकल सर्व्हेच्या टीमने, मेसनसकट, ग्रेट लेक्सला मिळणाऱ्या २९ नद्यांतून १०७ नमुने घेतले, २०१४-१५ मध्ये, म्हणजे केंद्राचा कायदा यायच्याही आधी. सगळ्या १०७ मध्ये प्लास्टिक. त्यातले ७१ टक्के धागे. दाणे आणि मणी एकूणात किरकोळच. ज्या काळात सगळा गदारोळ मण्यांवर चालू होता त्याच काळात नद्यांतून येणाऱ्या दहातले सात कण कपड्याच्या नाहीतर दोरीच्या जातीचे होते.

या अभ्यासातली दुसरी गोष्ट अजून अडचणीची आहे. तुकडे, पापुद्रे, फोम हे सगळं शहरी भागात आणि पाऊस पडून गेल्यावर जास्त मिळालं, ते समजण्यासारखं आहे, रस्त्यावरचं गटारात आणि गटारातलं नदीत. पण धाग्यांचा शहराशी, सांडपाण्याच्या प्रमाणाशी किंवा पावसाशी काही संबंधच दिसला नाही. ते सगळीकडे होते, शेतातून येणाऱ्या नदीत पण. म्हणजे वॉशिंग मशीन हा एकच आरोपी धरून मोकळं होता येत नाही. धागा हवेतून उडून जातो आणि कुठेही पडतो, त्याला गटाराची गरज नाही.

म्हणून फिल्टरच्या प्रयोगाकडे मी जरा हात राखूनच बघतो, पण प्रयोग चांगला आहे. ह्युरॉनच्या जॉर्जियन बे किनाऱ्यावर, कॅनडाच्या ओंटारियोत, पॅरी साउंड नावाचं छोटं गाव आहे. तिथे ९७ घरांत वॉशिंग मशीनच्या बाहेर जाणाऱ्या पाइपला फिल्टर बसवले, गावाच्या प्लँटला जोडलेल्या घरांपैकी साधारण दहातलं एक घर. २०२१ मध्ये निकाल छापून आला: प्लँटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यातले धागे ४१ टक्क्यांनी कमी. दहा टक्के घरांनी ४१ टक्के फरक कसा पडला, हा प्रश्न तुमच्याइतकाच मलाही पडला, एका गावावर, एका प्रयोगावर मी घर बांधणार नाही. पण प्लँटच्या पाण्यात फरक मोजता येण्याइतका पडतो, एवढं तरी दिसलं.

मायक्रोबीडच्या वेळी घरातल्या माणसाला काही करावंच लागलं नाही, कंपनीने दाणा काढला, संपलं. इथे तसं नाही. फिल्टरची बरणी दर काही धुण्यांनंतर भरते, मग ती उघडायची, आतल्या जाळीवर बसलेला राखाडी ओला लगदा बोटाने खरवडायचा आणि तो कोरड्या कचऱ्यात टाकायचा. हाताला चिकटतो, किळसवाणा असतो, आणि बेसिन शेजारीच असतं. नळाखाली धरून जाळी धुतली की दहा सेकंदांत स्वच्छ होते, आणि लगदा जातो तो थेट त्याच पाइपात ज्यातून तो जाऊ नये म्हणून फिल्टर बसवला होता.